बासचा स्वर आणि मंचावरचे अर्थिंग

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

काही दिवसांपूर्वी आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात एका ज्येष्ठ रसिकांनी मराठी वाद्यवृंदांच्या कार्यक्रमांत ध्वनियंत्रणेमुळे वारंवार येणाऱ्या व्यत्ययांबद्दल नाराजी व्यक्त केली होती. तिकिटाचे पैसे मोजून आलेल्या श्रोत्याला घरघर आणि कडकड ऐकावी लागते, एखादे वाद्य मध्येच बंद पडते आणि वादक तारा चाचपत उभे राहतात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांची तक्रार रास्त आहे. मी गेली २२ वर्षे वाद्यवृंदांत बास गिटार वाजवतो आणि तारा चाचपत उभे राहण्याची वेळ माझ्यावर अनेकदा आली आहे. ती वेळ का येते, त्यातले आम्हा वादकांच्या हाती किती असते आणि आमच्या हाताबाहेरचे किती, हे वाचकांसमोर आणि विशेषतः नाट्यगृहांच्या व्यवस्थापकांसमोर व कार्यक्रमांच्या आयोजकांसमोर मांडावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

बास गिटार हे वाद्य अनेकांना मंचावर दिसते, पण त्याचा आवाज नेमका कोणता हे सांगता येत नाही, आणि त्यात श्रोत्यांचा काही दोष नाही. त्याची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, त्यापुढची ५५, मग सुमारे ७३ आणि सर्वांत बारीक तार ९८ वेळा. म्हणजे पुरुष गायकाचा मध्य सप्तकातला षड्ज जिथे असतो त्याच्याही बराच खाली या वाद्याचा मुक्काम असतो. ढोलकी आणि ऑक्टोपॅडचा ठेका एका बाजूला आणि गायकाचे, कीबोर्डचे, सॅक्सोफोनचे स्वर दुसऱ्या बाजूला, या दोहोंना बांधून ठेवण्याचे काम बास करतो. हिंदी चित्रपटसंगीतात चरणजित सिंग यांच्यासारख्या वादकांनी हे काम किती मोलाचे असते ते दाखवून दिले आणि आज मुंबईच्या मोहिनी डे यांचे वादन जगभर ऐकले जाते. तरीही आपल्याकडच्या बहुतेक कार्यक्रमांत बासवादक मागच्या ओळीत ड्रमच्या शेजारी उभा असतो, आणि त्याची जागा तीच आहे. बास वाजत असताना त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. तो थांबला की काय गेले हे न कळताही गाणे पोकळ वाटू लागते.

पेटी, तबला किंवा ढोलकी यांचा माईक बंद पडला तरी पुढच्या चार रांगांना आवाज पोहोचतो आणि मैफल कशीबशी सावरता येते. १९५१ मध्ये फेंडर कंपनीने आणलेल्या नमुन्यापासून सर्वदूर पोहोचलेली ही बास गिटार मात्र भरीव लाकडाची असते. तिला आवाज घुमवणारी पोकळ पेटी नाही. तारेचे कंपन पिकअपच्या चुंबकाला कळते, त्याचा अगदी क्षीण विद्युतप्रवाह होतो, तो वाद्यातल्या प्रीॲम्पमधून (क्षीण सिग्नल वाढवणारे छोटे मंडल), मग केबलमधून, डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल लांबच्या केबलला जुळवून देणारी छोटी डबी), मल्टिकेबलमधून (मंचावरच्या अनेक वायरी एकत्र नेणारी जाड केबल) मिक्सरपर्यंत जातो आणि तिथून ॲम्प्लिफायर व स्पीकरपर्यंत पोहोचतो. या साखळीतली एक कडी निसटली की बास निम्मा ऐकू येत नाही, तो पूर्णच नाहीसा होतो. बोटे तालात चालू असतात, चेहऱ्यावर काही दाखवायचे नसते, आणि सभागृहात मात्र काहीच पोहोचत नाही. हा अनुभव ज्याने घेतला आहे त्यालाच तो किती जीवघेणा असतो ते ठाऊक.

आधी आमच्या बाजूच्या चुका सांगतो, कारण त्या सांगितल्याशिवाय पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही. ज्या बासमध्ये प्रीॲम्प असतो तिला नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते. केबलचा जॅक वाद्यात खोचला की ही बॅटरी चालू होते आणि तो काढेपर्यंत चालूच राहते. मध्यंतरात चहाला जाताना जॅक तसाच ठेवला, किंवा तालमीनंतर रात्रभर केबल लावलेली राहिली, तर बॅटरी उतरते आणि ऐन गाण्यात आवाज आधी फाटतो व मग विझतो. दुसरी गोष्ट वाद्यावरच्या जॅकच्या नटची. तो सैल झाला की आतला सगळा जॅक फिरू लागतो, त्याच्यासोबत आतली बारीक तार पिळत जाते आणि एके दिवशी तिचा सोल्डर सुटतो. हे व्हायला महिने लागतात, पण ते होते मात्र नेमके मंचावर. नट घट्ट करायला पाना लागतो आणि दोन मिनिटे लागतात. कोकणपट्टीत वाजवणाऱ्यांना दमट हवेचा जाच वेगळाच असतो. जॅक, प्लग आणि तारा यांवर गंज चढतो आणि व्हॉल्यूमचे बटण फिरवले की खरखर होते. नव्या बॅटऱ्या, दोन जास्तीच्या केबल, स्वतःचा डीआय बॉक्स, पाना, कोरडा सुती रुमाल आणि तारांचा एक संच ज्याच्या पिशवीत नाही, त्या बासवादकाने बिदागी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जाड तार सहसा तुटत नाही, पण तुटलीच तर खालचा स्वर वरच्या सप्तकात घेऊन गाणे पूर्ण करता आले पाहिजे. जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा (पडदा म्हणजे दांडीवरची धातूची आडवी पट्टी) स्वर जाड तारेपासून मोजता तिसऱ्या तारेच्या पाचव्या पडद्यावर एक सप्तक वर मिळतो, आणि हे हाताला इतके ठाऊक हवे की त्यासाठी विचार करावा लागू नये.

इतकी तयारी असूनही काय होते ते एका दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमाच्या निमित्ताने सांगतो. उपनगरातले एक मैदान होते, कार्यक्रम सहाला सुरू व्हायचा होता. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि हा नियम मला पूर्णपणे मान्य आहे. त्याचा अर्थ मात्र असा होतो की दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमाची ध्वनिचाचणी त्याच पहाटे करता येत नाही. ती आदल्या संध्याकाळी व्हायला हवी. आदल्या संध्याकाळी त्या मंचावर दुसराच समारंभ होता. त्यामुळे आम्ही काळोखात तारा जोडल्या आणि सहा वाजता थेट भूपाळीला सुरुवात केली. दुसऱ्या गाण्याच्या पहिल्या अंतऱ्यात बासच्या वाटेने कडकड आली आणि पाठोपाठ शांतता.

अशा वेळी हात आधी व्हॉल्यूमच्या बटणाकडे गेला पाहिजे, केबलकडे नाही. आवाज चालू असताना जॅक ओढला तर स्पीकरमधून असा दणका बसतो की पुढच्या रांगेतली मुले दचकतात आणि स्पीकरलाही इजा पोहोचू शकते. मी बटण शून्यावर नेले आणि कीबोर्डवादकाकडे पाहिले. त्याने काही न विचारता डावा हात खालच्या पट्ट्यांवर नेला आणि बासची ओळ तिथून धरली. हा खुणेचा करार आम्ही तालमीतच करून ठेवलेला असतो आणि प्रत्येक वाद्यवृंदाने तो करून ठेवावा. गायिकेला काही कळलेही नाही. मग क्रमाने पाहत गेलो. केबल बदलली, फरक पडला नाही. मधली पेडल काढून बास सरळ डीआय बॉक्सला लावली, तरी नाही. वाद्यातल्या बॅटरीची शंका नव्हती, ती सकाळीच बदललेली होती. मिक्सरवरच्या मुलाने मान हलवून खूण केली की त्याच्याकडे सिग्नल येतच नाही, नुसती कडकड येते. म्हणजे दोष डीआय बॉक्सच्या पुढे होता. मंचाच्या मागे वाकून पाहिले तर मल्टिकेबलचा जोड ओल्या गवतावर पडलेला होता. त्या वायरीतून मिक्सर डीआय बॉक्सला ४८ व्होल्टचा पुरवठा करत असतो, आणि जोडात दव शिरले की तो पुरवठा कडकडू लागतो. रुमालाने जोड पुसला, मिक्सरवर दुसरा मार्ग मागून घेतला, जोड एका उलट्या पाटावर ठेवला आणि तिसरे गाणे सुरू होण्याआधी परत जागेवर आलो. कार्यक्रमानंतर एक आजोबा येऊन म्हणाले, "मध्येच काहीतरी रिकामं रिकामं वाटत होतं बघा." इतक्या नेमकेपणाने ऐकणाऱ्या श्रोत्यासमोर आपण वाजवतो, याचा मला त्या दिवशी आनंद झाला आणि त्या रिकाम्या दोन मिनिटांची खंतही वाटली.

ही अडचण निभावण्याजोगी होती. आता जी निभावता येत नाही, तिच्याकडे येतो.

सभागृहात सतत ऐकू येणारी जी घरघर आहे, तिचे मूळ बहुतेक वेळा विजेच्या जोडणीत असते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते. पांढरी पाचचा सर्वांत खालचा, बासच्या जाड तारेवर तिसऱ्या पडद्याशी मिळणारा स्वर ४९ कंपनांचा असतो. म्हणजे विजेची घरघर बासच्या अंगणातच, एका नेहमीच्या स्वराला जेमतेम खेटून, किंचित चढी अशी बसते आणि सदैव बेसूर वाजत राहते. ध्वनिसंयोजक ती कमी करण्यासाठी मिक्सरवर तिथल्या स्वरांचा पट्टा कापतो आणि घरघरीसोबत बासही कापला जातो. मग श्रोते म्हणतात की बास ऐकूच आला नाही. मंचावरचे दिवे मंद-तेज करणारे डिमर त्याच विद्युतमार्गावर असतील तर निर्वेदाच्या गाण्यात दिवे मंद होताच घरघरीची झणझण होते, आणि एका कॉइलचे पिकअप असलेली गिटार ती हवेतूनही उचलते.

या घरघरीवर एक घातक उपाय आपल्याकडे सर्रास केला जातो. तीन पिनांच्या प्लगमधली जी जाड आणि लांब पिन असते, ती कापून टाकतात किंवा दोन पिनांचा जोड लावतात. घरघर खरोखर थांबते, आणि म्हणून ज्याने पिन कापली त्याला शाबासकीही मिळते. पण ती पिन अर्थिंगची असते. ॲम्प्लिफायरमध्ये बिघाड होऊन वीज त्याच्या लोखंडी खोक्यात उतरली, तर ती जमिनीत नेण्यासाठी तोच एक मार्ग असतो. तो बंद केला की ती वीज केबलच्या जाळीवरून गिटारच्या तारांपर्यंत येऊन थांबते आणि वादकाच्या शरीरातून वाट मिळण्याची वाट पाहते. घरघर घालवण्याचा योग्य मार्ग वेगळा आहे. डीआय बॉक्सवर जमीन-जोड सोडवण्याचे छोटे बटण असते. ते फक्त सिग्नलच्या वायरीतला जोड तोडते, यंत्राचे अर्थिंग शाबूत ठेवते. हा फरक प्रत्येक ध्वनिसंयोजकाला आणि वादकाला पाठ असला पाहिजे.

हे मी पुस्तकी ज्ञानातून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी गणेशोत्सवातला कार्यक्रम होता. दुपारी पाऊस पडून गेला होता आणि मंचावरचे जाजम ओले होते. आपल्याकडे मंचावर देवाची प्रतिमा असते, समई असते, म्हणून आम्ही सगळे पादत्राणे खाली काढून वर जातो. ही प्रथा मला मनापासून प्रिय आहे, पण ओल्या जाजमावर अनवाणी उभा असलेला आणि लोखंडी तारांवर दोन्ही हात ठेवलेला माणूस विजेच्या दृष्टीने किती उघडा असतो, याचा विचार त्या दिवसापर्यंत मी कधी केला नव्हता. कोरस म्हणण्यासाठी मी माईककडे ओठ नेले आणि दातांतून कवटीपर्यंत झटका गेला. मान मागे फेकली गेली म्हणून माईक सुटला. नंतर टेस्टर तारांना लावला तर त्यातला दिवा स्वच्छ पेटला. मंचावरच्या ॲम्प्लिफायरला जनरेटरची वीज होती, मिक्सरला शेजारच्या इमारतीतली. माईक एका पुरवठ्याशी बांधलेला आणि माझ्या तारा दुसऱ्याशी. जनरेटरची हिरवी अर्थिंगची वायर कुठे गेली आहे म्हणून बॅटरीच्या उजेडात शोधत गेलो, तर ती मंडपाच्या एका बांबूला तीन वेढे देऊन नीट बांधून ठेवलेली होती. ज्याने ती बांधली त्याने काम मनापासून केले होते; ती वायर कशासाठी असते हे त्याला कोणीही सांगितलेले नव्हते.

हा धोका जगभर ओळखीचा आहे. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे स्टोन द क्रोज या वृंदाचे गिटारवादक लेस हार्वी यांचा मंचावर माईकला हात लागताच विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. त्याआधी डिसेंबर १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सचे कीथ रिचर्ड्स कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे गिटार माईकच्या स्टँडला लागल्यामुळे बेशुद्ध पडले होते आणि दैव बलवत्तर म्हणून वाचले. दोन्ही प्रसंगांत वाद्य आणि माईक ही जोडी सारखी आहे, आणि आपल्या प्रत्येक कार्यक्रमात, प्रत्येक कोरस गाणाऱ्या वादकासमोर तीच जोडी असते.

म्हणून माझ्या मागण्या नाट्यगृहांकडे आणि आयोजकांकडे आहेत. नाट्यगृहाच्या मंचावर वाद्यांसाठी आणि ध्वनियंत्रणेसाठी दिव्यांपासून वेगळा असा एक विद्युतमार्ग असावा आणि मिक्सरची जागाही त्याच मार्गावर यावी. निम्मी घरघर एवढ्यानेच थांबेल. त्या मार्गावर ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी बसवलेला असावा, म्हणजे शरीरातून वीज जमिनीत जाऊ लागताच पुरवठा क्षणार्धात तुटेल. आज नव्या घरांत स्नानगृहातल्या गिझरसाठी आपण हे उपकरण आग्रहाने लावून घेतो; मग जिथे माणसे अनवाणी उभी राहून विजेची वाद्ये वाजवतात त्या मंचावर ते का नसावे? अर्थिंग कसे असावे याचे आयएस ३०४३ हे भारतीय मानक उपलब्ध आहे. त्याप्रमाणे दरवर्षी अर्थिंगची मोजणी व्हावी आणि मोजणीची तारीख मंचावरच्या प्लगपाशी पट्टी लावून लिहिलेली असावी. लिफ्टमध्ये तपासणीची तारीख पाहायची सवय आपल्याला झाली आहे, तशी आम्हा वादकांना ही पट्टी पाहायची सवय होईल. मैदानातल्या कार्यक्रमात जनरेटरचे अर्थिंग परवानाधारक वीजतंत्रज्ञाने स्वतः करावे आणि कार्यक्रम संपेपर्यंत तो तिथे हजर असावा. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल (विजेच्या परतीची तार) निसटला तर २३० व्होल्टच्या प्लगमध्ये त्याहून कितीतरी जास्त दाब येऊ शकतो आणि मंचावरची यंत्रे एका क्षणात जळतात. त्या वेळी मुख्य खटका कुठे आहे हे ठाऊक असलेला माणूस धावण्याच्या अंतरावर हवा.

दुसरी मागणी वेळेची आहे. नाट्यगृहात सकाळ, दुपार, रात्र अशी सत्रे लागोपाठ असतात. आधीच्या नाटकाचे नेपथ्य उतरेपर्यंत आमची सामग्री दाराबाहेर टेम्पोत असते, आणि मग पडदा उघडायला अर्धा-पाऊण तास उरलेला असताना बारा-पंधरा वाद्यांची आणि तितक्याच माईकची जोडणी करायची असते. यातून चाचणीसाठी जे उरते ते गायकांच्या माईकला जाते आणि बासपर्यंत पाळी येतच नाही. बास सगळ्यांत आधी तपासायला हवा, कारण घरघर कुठून येते हे त्याच्यावरूनच लवकर कळते: वाद्यावरचा व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही घरघर चालू राहिली तर दोष पुढच्या जोडणीत, आणि थांबली तर तो वाद्यात किंवा त्याच्याभोवतीच्या दिव्यांत. याला फार तर पाच मिनिटे लागतात. आयोजकांनी पत्रिकेत कार्यक्रमाची वेळ छापताना चाचणीची वेळही ठरवावी, आणि ती पुष्पगुच्छ व सत्कारांसाठी खर्ची घालू नये. सत्कार जरूर करावेत, ती आपली रीत आहे. पण ते चालू असताना आम्ही वाद्ये गळ्यात अडकवून उभे असतो, बॅटऱ्या उतरत असतात आणि उघड्या मैदानात रात्रीचे १० वाजत आलेले असतात. दिवाळी पहाटेसाठी तर आदल्या संध्याकाळचा एक तास मंच मोकळा ठेवण्याची अट करारातच असावी.

ज्या ज्येष्ठ रसिकांच्या पत्रामुळे हे लिहिण्याचे मनात आले, त्यांना मी विनंती करीन की पुढच्या वेळी घरघर ऐकू आली तर त्यांनी ती जशी आपल्या वृत्तपत्राला कळवली तशी मध्यंतरात नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांनाही कळवावी. वादकाचे सांगणे कुरकुर समजून सोडून दिले जाते, तिकीट काढून आलेल्या श्रोत्याचे तसे सहजी सोडता येत नाही.

मी आता पिशवीत प्लग तपासण्याचा तीन दिव्यांचा टेस्टर ठेवतो, मंचावर जाण्याआधी प्रत्येक प्लग स्वतः पाहतो, आणि आयोजकांची परवानगी मागून रबरी तळव्यांचे स्वच्छ, फक्त मंचासाठी राखून ठेवलेले बूट घालतो. आजवर एकाही आयोजकाने नकार दिलेला नाही. कारण सांगितले की ते समजून घेतात. आमच्या शहरातल्या नाट्यगृहाच्या व्यवस्थापनाला मी वरील मागण्या लेखी दिल्या आहेत आणि येत्या दिवाळीच्या कार्यक्रमांच्या तारखाही सोबत जोडल्या आहेत. मंचावरच्या प्लगपाशी मोजणीची तारीख लिहिलेली पट्टी लागली, तर ती बातमी मी आपल्याला अवश्य कळवीन.

आपला विश्वासू,
एक बास गिटारवादक, जिल्हा ठाणे